काय म्हणती सतरंजी?

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी बावीस वर्षांचा होतो. शेवगावच्या पेठेत आमचं पिंजाऱ्याचं दुकान. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे आणि लग्नसराईत लोड, तक्के, सतरंज्या भाड्यानं द्यायचे. एका दुपारी सायकलवरून एक माणूस उतरला. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी, चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. म्हणाला, "सभा आहे. सहा सतरंज्या हव्यात. उद्या परत."

अब्बांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पुढाऱ्याला सतरंजी देत न्हाई आमी. मागं एकानं नेली, ती अजून त्याच्या गोठ्यात हाय."

"मग सोबत तुमचा मुलगा द्या. तोच अंथरेल, तोच उचलून आणेल."

हा माणूस म्हणजे मास्तर. हायस्कुलात गणित शिकवायचे. रोजगार हमीच्या मजुरांचा मोर्चा तहसीलवर नेला म्हणून नोकरी गेली. समाजवादी. अब्बांना त्यातलं एवढंच कळलं की हा माणूस निवडणुकीला उभा राहतो आणि तरी सायकलवर फिरतो.

मी त्या दिवशी सतरंज्या परत आणायला म्हणून गेलो आणि मास्तरांचाच होऊन बसलो.

लोक म्हणतात, अमक्यानं आयुष्यभर सतरंज्या उचलल्या आणि तिकीट तमक्याला मिळालं. ते रागानं म्हणतात. मी खरोखरच्या उचलल्या, त्यामुळं मला त्याचा राग येत नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, तुमच्या नावापुढं काय लिहू, कार्यकर्ता लिहू का? मी म्हणालो, सतरंजीवाला लिहा. मास्तरांचे कार्यकर्ते लई होते, सतरंजीवाला एकच होता. चौथीपर्यंत शिकलोय, पण हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय. ऱ्हस्वदीर्घ त्यांनी बघावं.

काम सोपं वाटतं. बघणाऱ्याला वाटतंच. पण आधी वारा बघावा लागतो. आमच्या तालुक्याच्या पूर्वेला झाडच नाही, चारनंतर वारा सुटला की सतरंजी माणसासकट उठते. वाऱ्याकडची किनार आत दुमडायची, कोपऱ्यांवर दगड. मग ऊन. ऊन बोलणाऱ्याच्या तोंडावर पाहिजे, ऐकणाऱ्याच्या नाही. डोळ्यांवर हात धरून बसलेला माणूस दहा मिनिटांत उठतो. बायांची बाजू गावाकडं ठेवायची, म्हंजे म्हशीची धार काढायची वेळ झाली तर कुणाला ओलांडून जायला नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सगळ्या कधी अंथरायच्या नाहीत. आठ न्यायच्या, चार अंथरायच्या. त्या भरत आल्या की पाचवी काढायची. रिकामी सतरंजी रस्त्यावरून दिसली की जाणारा जातच राहतो. दाटीवाटी दिसली की सायकल लावून येतो. ही सगळ्याच पक्षांच्या सतरंजीवाल्यांची रीत होती. आमच्यात कुणी तिला फसवणूक म्हणत नव्हतं.

मास्तरांचा एकच नियम होता, सभेत खुर्ची नाही. बोलणारा उभा, बाकी सगळे खाली, आमदार असो की मांग असो की मारवाडी. एका गावचे पाटील, नाव घेत नाही, नातवंडं भली आहेत, ते गड्याच्या डोक्यावर खुर्ची देऊन सभेला आले. मधोमध सतरंजीवर मांडली आणि बसले. मास्तर अजून पोचायचे होते. मी गेलो.

"पाटील, खुर्ची खाली घ्या."

"का रं?"

"पाय रुतत्यात. सुती माल हाय, भोक पडतं."

"पडलं तर नवी घिऊन दीन."

"नवी नको. हीच पाहिजे. हिच्यावर माझ्या बहिणीचं वऱ्हाड बसलंय."

"नाव काय तुझं?"

"चाँद. पिंजारी, शेवगाव."

"चाँदभाई, तुझा मास्तर बी मला खाली बस म्हननार न्हाई."

"मास्तरांचं मास्तर बघतील. सतरंजी माझी हाय."

माणसं हसली. पाटलांनी खुर्ची उचलायला लावली आणि पार मागं, मातीत मांडली. तिथून त्यांना ऐकू येईना. मान लांब करून करून अर्धी सभा काढली. मग कधी उठले कुणास ठाऊक, बघतो तर काठाला जोडा काढून खाली मांडी घालून बसलेले. मत काही त्यांनी दिलं नाही, पण बसले.

कुणीतरी मास्तरांच्या कानावर घातलंच. परतताना पक्षाच्या जीपमध्ये म्हणाले, "चाँद, तुला बहीण कधी झाली?"

"सभेपुरती."

शेवगावची वेस येईपर्यंत हसत होते.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. मला सतरंजीवरून मतं कळायची. यात जादू काही नाही. सगळे स्टेजकडं बघायचे, मी सतरंजीकडं बघायचो. पायात चपला ठेवून काठावर उकिडवा बसलेला माणूस ऐकायला आलेला असतो, मत त्याचं दुसरीकडं. चपला काढून आत येऊन मांडी घातली तर निम्मं काम झालं. सतरंजीच्या काठाला सुटलेल्या दशांना गाठी मारत बसलेला विचार करत असतो, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जायचं. नुसते दोरे उपसतो तो कंटाळलाय. आणि बाईनं मांडीवरचं पोर सतरंजीवर निजवलं की ते मत आपलं. परक्या जागी कुठलीच बाई पोर खाली ठेवत नाही.

सभा झाली की सतरंज्या झटकायच्या, घड्या घालायच्या, जीपमागं टाकायच्या. जीप रस्त्याला लागली की मास्तर पुढून मान न वळवता विचारायचे, "काय म्हणती सतरंजी?"

मी आकडा सांगायचो. कधी गोड, कधी कडू. पेट्या फुटल्या की पाच-पंचवीसचा फरक. अठ्ठ्याहत्तरला मी सांगितलं निवडून येताय, आले. पुढच्या वेळी सांगितलं पडताय, पडले. शिकलेले कार्यकर्ते कागद घेऊन जातीजातीची बेरीज करायचे. मास्तर त्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग मागं बघायचे. तेव्हा माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू.

एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेलो होतो, डोंगरात, जंगलजमिनीच्या प्रश्नावर. तो मुलूख आमचा नव्हे, दुसऱ्या सोबत्याच्या बोलावण्यावर गेलो. भाताची लावणी चाललेली, पाऊस थांबत नव्हता. शाळेच्या पडवीत सतरंज्या टाकल्या. माणसं इरली डोक्यावर घेऊन बाहेरच उभी. आत या म्हणालो तर म्हणाले, पाय चिखलाचे हायेत, घाण व्हईल. मास्तर मुद्दाम अंगणातल्या चिखलातून चालत आले आणि तसेच पावलं उमटवत मधोमध जाऊन बसले. मग सगळी आली. मला आतून राग, कारण धुणार मी होतो. त्या पावसात धुतलेली सतरंजी चार दिवस वाळली नाही, काळे ठिपके पडले. जीपमध्ये प्रश्न आलाच. मी म्हणालो, "आपला मतदारसंघ न्हाई हा."

"तरी सांग."

"सगळी," मी म्हणालो.

आता पंच्याण्णव सालाबद्दल लिहायचं आहे. हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नव्हतो.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या पूर्वेच्या कोरड्या गावांत दसरा-दिवाळी झाली की माणूस राहत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे दहा-बारा कोयते एका ट्रकमध्ये, भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन ऊस तोडायला दोनशे मैल. पोरांची शाळा दिवाळीपर्यंतच, पुढं उसाच्या फडात गुरांसाठी हिरव्या शेंड्यांचं वाढं गोळा करायचं. मास्तरांची मतं ही. आणि ती निवडणूक आली ऐन थंडीत, ऊस तोडायच्या दिवसांत. म्हणजे आमची मतं मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच्या जिल्ह्यात.

अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तेव्हा मास्तरांच्या विरोधात उभ्या असलेल्या साहेबांचा माणूस मास्तरांच्या घरी आला. मी ओट्यावर बसलो होतो, सगळं ऐकलं. अर्ज मागं घ्या, आमच्या स्टेजवर या. तुमच्या गावच्या माळावर ऊसतोड्यांच्या पोरांसाठी राहायची शाळा काढतो. शंभर पोरं. जूनला सुरू.

ही शाळा मास्तर पंधरा वर्षं मागत होते. एक सभा अशी झाली नसेल जिच्यात ती मागितली नाही. मास्तर त्या माणसाला म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो." तो गेल्यावर ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. मग मला म्हणाले, "आज सभा आहे ना? मला काही सुचत नाही. निवडून यायची आशा असेल तर शाळा मीच काढीन. नसेल तर जातो त्यांच्या स्टेजवर. तू सांगशील तसं."

दिवेलागणीची सभा. मी आठ नेल्या होत्या. गावात नजर टाकली आणि तीनच काढल्या. सगळी म्हातारीकोतारी. "सरका, आत सरका, अजून मानसं यायचीत" म्हणून एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसवली. स्टेजवरून गच्च भरलेलं दिसलं असेल. एकाही बाईनं पोर निजवलं नाही, कारण पोरं उसात होती.

जीप निघाली. प्रश्न आला.

माझ्या डोळ्यांपुढं साहेबांचं स्टेज आलं. पुढं सोफे, मागं खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत माझे मास्तर, तारेनं बांधलेली चप्पल घालून. मला ते बघवेना. शंभर पोरं मला दिसली नाहीत, मास्तर दिसले. मी म्हणालो, "सीट हातात हाय."

"खरं?"

"आजपर्यंत चुकलोय का?"

मास्तरांनी अर्ज ठेवला. तिसऱ्या नंबरला गेले, डिपॉझिटसुद्धा राहिलं नाही. साहेब निवडून आले. त्यांना शाळा काढायची गरज उरली नाही. तो माळ आजही तसाच आहे, मधे एक क्रिकेटची पिच आहे.

निकालानंतर मी मास्तरांच्या अंगणात सतरंज्या झटकत होतो. मास्तर बाहेर आले.

"त्या सभेला किती नेल्या होत्या?"

"आठ."

"अंथरल्या?"

मी सतरंजी झटकत राहिलो.

"तीन," तेच म्हणाले. गणिताचे मास्तर. मग सतरंजीचं दुसरं टोक धरलं. मोठ्या सतरंजीची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी मिळून आठही घड्या घातल्या.

त्यानंतर मास्तरांनी मला कधीच विचारलं नाही.

काम सुटलं नाही. मोर्चे झाले, धरणी झाली, मजुरीसाठी दोन उपोषणं झाली, सगळीकडं सतरंजी माझीच. जीपमध्ये मास्तर माझ्या पोरांची चौकशी करायचे, गुडघ्याला कुठलं तेल लाव ते सांगायचे, पावसापाण्याचं बोलायचे. फक्त तेवढं नाही. मी मागं आकडा तयार ठेवून बसायचो. जीप रस्त्याला लागली की कान टवकारायचो. गियर पडायचा, रस्ता मागं जायचा, मास्तर समोर बघत राहायचे. घर आलं की आकडा तसाच घेऊन उतरायचो. तीस वर्षांचे असे आकडे माझ्या डोक्यात आहेत, कुठल्या गावाला किती आणि कुणाचं पोर झोपलं. दुसऱ्यांच्या लग्नात, कीर्तनात, मय्यतीतसुद्धा माझी नजर खाली जाते आणि मोजणी सुरू होते. कुणाला सांगू?

माझं माझ्याकडं सांगता आलं असतं. चुकलं मास्तर, म्हणायचं. पण मीही असा, की विचारल्याशिवाय सांगणार नाही. तुम्ही विचारा, मग बोलतो. असं करत दोघंही म्हातारे झालो.

सतरंज्यांचं कामही गेलं. मांडववाला आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओततो. पोरगा नगरजवळ नागापूरला कारखान्यात लागला, दुकान बंद केलं. तो म्हणतो, अब्बा, त्या चिंध्या काढून टाका, घुशी होतात. मी उन्हाळ्यात बाहेर काढून ऊन देतो, परत ठेवतो.

परवाच्या दसऱ्याआधी मास्तरांच्या लेकीचा फोन आला. सुमनताई नगरला वकिली करते. म्हणाली, "चाचा, बाबांना सभा घ्यायचीये. गावात, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी. तेच, शाळेचं. डॉक्टर नको म्हणतात, पण ऐकतील तर ना. मी खुर्च्या सांगितल्या तर बोलायचेच बंद झाले."

"मी येतो," म्हणालो.

टेम्पोत आठही घातल्या. माळावर ट्रक येऊन उभे होते, त्यांच्या पलीकडं जागा धरली. गुडघे वाकत नाहीत, बसून बसून सरकत अंथरल्या. चार झाल्या तशी ताई आली. "बास चाचा. माणसं नाहीत फार. सगळी सामान बांधतायत."

मी पाचवी उलगडली.

"अहो चाचा, रिकामं दिसेल. बाबांना वाईट वाटेल."

"वाटू दे."

आठही अंथरल्या. ऊन मास्तरांच्या तोंडावर येईल अशा. तुरळक माणसं येऊन बसली, मधे मधे सतरंजीचे पट्टे दिसत होते. मास्तरांना दोघांनी धरून आणलं. पंच्याऐंशी वर्षांचे, अंगात काही उरलेलं नाही. उभं राहता येईना, तर खुर्ची आणू का म्हणून कुणी विचारलं, त्याच्याकडं असं बघितलं की तो मागच्या मागं गेला. खाली बसूनच दहा मिनिटं बोलले. पोरांना नेऊ नका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "ठेवणार तरी कुणापाशी? शाळा नाही. ती माझ्याच्यानं झाली नाही."

एक बाई उठून म्हणाली, "मास्तर, तुमी दरसाल सांगता, आमी दरसाल निघतो. राग मानू नका." तिचं पोर सतरंजीवर झोपलेलं होतं. तिनं ते उचललं आणि ट्रककडं गेली. बाकीचीही गेली. मास्तर मधोमध बसून राहिले, ताई त्यांच्या पाठीशी, मी काठाला. ऊन अजून होतं.

मी दगड उचलायला लागलो. दोन उचलले, तिसरा हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

"सदतीस मानसं, मास्तर," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. "आठांवर सदतीस. तीन पोरं झोपली हुती."

मास्तर सतरंजीच्या पट्ट्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, "आणि पंच्याण्णवला?"

मी हातातला दगड खाली ठेवला. "एक्क्याण्णव. निम्मी बहिरी. एक पोर झोपलं न्हाई. सीट नव्हती मास्तर. मी खोटं बोललो."

"मला माहीत होतं."

"निकालानंतर."

"नाही. तेव्हाच. पुढच्या रांगेत नुसत्या काठ्या. मला दिसत नव्हतं होय? मला त्या खुर्च्यांवर जायचं नव्हतं, चाँद. कुणीतरी जाऊ नका म्हणायला हवं होतं. तू म्हणालास."

"मग परत इचारलं का न्हाई कधी?"

"विचारलं असतं तर तू माझ्यासाठी परत खोटं बोलला असतास. आणि मी परत ऐकलं असतं."

मला संतापच आला. "तीस वर्षं मी एकट्यानं छातीवर धोंडा घिऊन फिरलो. निम्मा तुमचा हुता, हे सांगता येत नव्हतं व्हय?"

"तू सांगितलंस कधी?"

"तुमी इचारलं न्हाई!"

"बघ."

सुमनताई म्हणाली, "अरे देवा, तुम्ही दोघं." हसत होती आणि डोळे पुसत होती.

मास्तर हसले नाहीत. ट्रककडं बघत होते. तिथं भांडी चढवणं चाललं होतं. "माझ्याही हट्टापायी गेली शाळा," म्हणाले. "आपल्या दोघांचं भागलं. त्यांचं नाही."

ताईनं आणि मी घड्या घातल्या. तिला पहिल्यांदा टोक नीट धरता येईना, तिसरीला जमलं. रात्री तिथंच मास्तरांच्या पडवीत पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत माळावर गेलो. इंजिनं सुरू झाली होती. पहिल्या ट्रकच्या मागं उभा राहिलो आणि चढणारी पोरं मोजली. मग दुसऱ्याच्या. कडेवरची धरली, पेंगत चढलेली धरली, दप्तर घेऊन चढलेली एक मुलगी होती, तीही. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत थांबलो, कुणी राहिलं तर नाही ना बघितलं. मग मास्तरांच्या घरी आलो. ताई त्यांना चहा पाजत होती. मी दारात चपला काढल्या, आत जाऊन त्यांच्यासमोर खाली बसलो, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणालो, "एकोणीस."